तिन्ही लेनचा टोल भरलाय

परवा भाताणच्या बोगद्यापासून माडपच्या बोगद्यापर्यंत एक गृहस्थ जवळजवळ माझ्या डिकीत बसून आले. म्हणजे त्यांना स्वतःची गाडी होती. चांगली काळी, उंच, दणकट. पण लग्नात नवरदेवामागे करवली जेवढं अंतर राखून उभी असते, तेवढंच त्यांनी राखलं होतं. आरशात मला त्यांची नंबरप्लेट दिसत नव्हती. बॉनेटही दिसत नव्हतं. दिसत होता डॅशबोर्डवरचा गणपती, त्याच्या गळ्यातला लाल मण्यांचा हार आणि वर केलेला आशीर्वादाचा हात. आशीर्वाद अर्थात त्यांना होता. मला गणपतीची फक्त पाठ दिसायला हवी होती, खरं तर. पण त्यांनी मूर्तीचं तोंड रस्त्याकडे केलं होतं. बहुधा पुढच्या गाड्यांवर लक्ष ठेवायला.

शनिवार सकाळ, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, पुण्यात मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा. एवढी पार्श्वभूमी पुरे.

मी उजव्या लेनमध्ये का होतो, हे मात्र सांगायला हवं, कारण तिथे हौसेने कोणी जात नाही (जातात, पण मी नाही). डावीकडच्या लेनमधल्या ट्रकला मधल्या लेनमधला ट्रक ओव्हरटेक करत होता. हा कार्यक्रम कळंबोलीला सुरू झाला असावा आणि निकाल लोणावळ्याला लागेल असा रंग होता. माझ्यापुढे एक चंदेरी गाडी ऐंशीच्या संथ लयीत, उजवा इंडिकेटर लावून चालली होती. उजवीकडे दुभाजक होता. तिला नेमकं कुठे वळायचं होतं, देव जाणे.

आणि मागून डिप्पर. आधी एक, सभ्य. मग दोन-दोन. मग हॉर्न. मग एक लांबलचक डिप्पर, ज्यात मला माझ्याच गाडीच्या छतावरची धूळ दिसली. ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. माझ्या गाडीवर तर ते कधीच लिहिलेलं नव्हतं.

हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. ९४.५ किलोमीटर, जाताना तीन लेन, येताना तीन लेन, देशातला असा पहिलाच. त्या साली जन्मलेली पोरं आता लायसन्स काढून माझ्यामागे डिप्पर मारतात. एवढ्या काळात टोलला फास्टॅग आला, ब्रिटिशांच्या काळातला अमृतांजन पूलसुद्धा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडून झाला. अवजड वाहनांनी डावीकडे राहावं, उजवी लेन ओव्हरटेकपुरती, हे फलकांवर लिहूनही झालं. त्या फलकांच्या बरोबर खालून, उजव्या लेनमधून, कंटेनर जात असतात. लायसन्सच्या परीक्षेला आमच्याकडून आठचा आकडा काढून घेतला होता, रिव्हर्स घ्यायला लावला होता. लेन या विषयावर प्रश्न आल्याचं मला आठवत नाही. एक्स्प्रेसवेवर आठचा आकडा काढायची वेळ अजून आलेली नाही, पण काही लोक सराव करताना दिसतात.

माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून पुढे जायची लेन डावी. पुढे गेलात की मुकाट उजवीकडे परत. अंतराचा त्यांचा हिशेब सोपा आहे: वेगाचा आकडा निम्मा करा आणि तेवढे मीटर सोडा. शंभरला पन्नास. कमी सोडलेत तर दंड, फारच कमी सोडलेत तर काही काळ गाडी चालवायलाच बंदी. डिसेंबरात तो आला की माझ्या शेजारी बसतो आणि त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक खोपोलीपर्यंत दाबत राहतो. पुण्यात उतरतो तेव्हा लंगडत असतो.

असो. माडपच्या अलीकडे ट्रकांमध्ये एक फट पडली. काळी गाडी त्या फटीतून डावीकडून घुसली, माझ्या बरोबरीला आली, काच खाली झाली आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. पंजा वर, बोटं पसरलेली, मनगटातून एक झटका. ‘काय?’ बस एवढंच. उत्तराला वेळ न देता गाडी पुढे. तो हात अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ‘काय?’ काय म्हणजे काय? विचारलंच होतं तर थांबायचं. माझ्याकडे सविस्तर उत्तर होतं.

ते द्यायची संधी खालापूरचा टोल ओलांडल्यावर फूडमॉलला आली. मी वड्यांच्या कुपनाच्या रांगेत उभा होतो. थोड्या वेळाने माझ्या पाठीला कुणाचं तरी पोट लागलं.

“सरका की पुढं.”

“पुढे माणूस आहे.”

“माणूस आहे, पण जागा पण आहे ना.”

जागा होती. माझ्यात आणि पुढच्या बाईंच्यात वीतभर. मी वळून पाहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर चढवलेला गॉगल, खिशाला पेन. त्यांचा चेहरा मी पाहिलेला नव्हता, फक्त हात पाहिला होता. पण त्यांनी मला लगेच ओळखलं, आणि असं ओळखलं की मी क्षणभर आपण एका शाळेत होतो की काय या विचारात पडलो.

“अरे! पांढरी गाडी ना तुमची? एमएच झिरो फाइव्ह? मघाशी आपण किती वेळ बरोबर होतो!”

“बरोबर नव्हतो. तुम्ही मागे होतात.”

“तेच ते. मी डिप्पर देत होतो, तुम्हाला दिसला नसेल.”

“दिसला. जाणार कुठे? पुढे गाडी, डावीकडे ट्रक, उजवीकडे दुभाजक.”

“तसं नसतं साहेब.” ते समजावणीच्या सुरात आले. “मी तुम्हाला डिप्पर दिला की तुम्ही पुढच्याला द्यायचा. तो त्याच्या पुढच्याला देणार. असं पुढं पुढं गेलं की लाइन मोकळी होते.”

“कुठपर्यंत?”

“पार किवळ्याला रस्ता संपेपर्यंत,” ते म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

मी म्हटलं, आपण जरा अंकगणित करू. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारला हे कळायला आणि आपला पाय ब्रेकवर जायलाच एक-दीड सेकंद लागतो. म्हणून निदान दोन सेकंदांचं अंतर हवं. म्हणजे ५५ मीटर.

“पंचावन्न मीटर?” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या बाई वळल्या. “पंचावन्न मीटर सोडले तर त्यात तीन गाड्या घुसतील, एक बस घुसेल, आणि मी इथंच खालापूरला राहीन!”

राग याचाच आला, की हे खोटं नव्हतं. मी अंतर ठेवून चालवतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो: अंतर ठेवलं की त्यात कोणीतरी शिरतो. त्याच्यापासून अंतर ठेवायला आपण मागे होतो, की दुसरा शिरतो. नियम शेवटपर्यंत पाळणारा माणूस हळूहळू पनवेलला परत पोचेल.

“आणि उजव्या लेनचं काय?” मी विचारलं. “ती सगळ्यांनी अडवून ठेवायची?”

“अहो, टोल तिन्ही लेनचा भरलाय आपण! २०२३ ला दोनशे सत्तरचे तीनशे वीस केले. एवढे मोजून मी ट्रकमागनं जायचं?” मग आवाज खाली आणून त्यांनी मला शास्त्र सांगितलं. “हे बघा. उजवी लेन जाणाऱ्यांची. डावी लेन उतरणाऱ्यांची.”

“आणि मधली?”

यावर ते खरोखर विचारात पडले. रांग एक पाऊल सरकली, ते माझ्यासकट सरकले.

“मधली,” ते म्हणाले, “ज्यांचं अजून काही ठरलं नाही, त्यांची.”

तेवढ्यात त्यांची मंडळी आली. सौभाग्यवतींच्या हातात चहा, मागे साताठ वर्षांचा मुलगा.

“अगं, हे ते मघाचे. पांढऱ्या गाडीवाले.”

“अय्या हो! त्या ताई कुठायत? किती वाकडी मान करून झोपल्या होत्या हो. मी यांना म्हटलं पण, उठल्यावर मान धरणार त्यांची. छोटी उशी ठेवत जा गाडीत.”

माझ्या बायकोची मान धरली होती. ती त्या वेळी गाडीत बाम चोळत बसली होती. तिला मी हे सगळं नंतर सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, “तोंड उघडं होतं का माझं?” सांगता येत नाही. मला दिसलं नव्हतं. त्यांना नक्की माहीत असेल.

“काका,” मुलगा म्हणाला, “तुमच्या मागच्या काचेजवळ स्टीलचा डबा आहे ना, त्याच्यात काय आहे?”

“अनारसे.”

“मी पप्पांना म्हटलं होतं लाडू,” तो हिरमुसून म्हणाला. म्हणजे भाताण ते माडप मागच्या गाडीत माझ्या डब्यावर चर्चा चालली होती.

“आता सांगतो ते मनावर घ्या,” गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. तोच हात. “तुमचा डावा ब्रेकलाइट मंद लागतोय. उजव्या मागच्या चाकात हवा कमी आहे. आणि तुम्ही फार ब्रेक मारता. मागच्या माणसाला त्रास होतो.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. मी वडे घेतले.

एरवी मी हे सगळं हसत सांगतो, लोकही हसतात. पण याच रस्त्यावर मागून आदळून माणसं मरतात, आणि घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर ओळीने गाड्या चेपत गेल्याची बातमी पुन्हा पुन्हा येते. पुढची गाडी एकदम थांबली तर आपल्याला थांबता यावं इतकं अंतर ठेवा, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण नियम म्हटला की आपल्याला फक्त कॅमेरा आठवतो. २०२४ मध्ये इथे कमानींवरच्या कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, चलान थेट मोबाइलवर येतं. त्यामुळे लोक सुधारले, असं म्हणायला हरकत नाही, कमानीखालच्या पन्नास पावलांपुरतं. कमान दिसली की एकशे वीसवाले करकचून शंभरवर येतात, कमान गेली की पुन्हा एकशे वीस. कोणती कमान कुठे आहे याचे संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मधोमध. आणि मागचा हातभर अंतरावर असताना पुढच्याला अचानक कमान दिसली, तर काय होतं, हे मला तरी प्रत्यक्ष पाहायचं नाही. उजव्या लेनमध्ये ऐंशीने जाणाऱ्या त्या चंदेरी गाडीला कोणी अडवलं नाही, दोन ट्रकांना कोणी विचारलं नाही. त्यांच्यामुळे तुंबलेली सगळी घाई येऊन माझ्या डिकीला टेकते, आणि वर ‘काय?’ मलाच. तीनशे वीस रुपये मीही भरलेत.

पार्किंगमध्ये ते पुन्हा भेटले. म्हणजे माझी गाडी निघू शकत नव्हती, कारण काळी गाडी तिच्या पाठीला लावलेली होती. ते धावत आले, “झालं झालं, काढतोच,” म्हणाले, आणि गाडी काढता काढता काच खाली करून, “घाटात भेटूच!” तो हात आता टाटा करत होता. मुलगा मागच्या काचेतून डब्याकडे पाहत होता. बायको म्हणाली, “ओळखीचे का?”

दुसऱ्या दिवशी पुण्यातच गॅरेजला गाडी दाखवली. डावा ब्रेकलाइट मंद होता. उजव्या मागच्या चाकात हवा कमी होती. मेकॅनिकने नवा बल्ब बसवला, मला ब्रेक दाबायला लावला, स्वतः मागे जाऊन पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “आता बघा काका, लांबून दिसेल एकदम.”

लांबून बघणारं आहे कोण, मी म्हटलं, आणि पैसे दिले.