तुमच्या कंबरेबद्दल, आणि तुमच्या बहिणीच्या हाताबद्दल

नमस्कार,

जुनाट दुखण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नव्हती, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुमचं वय ५१, आणि नऊ वर्षं कंबर दुखते आहे. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजलेली आणि फुगलेली दिसली. तीन फिजिओथेरपिस्ट झाले. प्रत्येकाने शेक दिला, मशीन लावलं आणि त्याच पाच व्यायामांचा कागद हातात ठेवला. दर वेळी दुखणं वाढलं. त्यात माझ्या लेखात ‘वेदना मेंदू तयार करतो’ हे वाक्य तुमच्या वाचनात आलं. तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे नऊ वर्षं मी नाटक करते आहे का? आणि ज्या व्यायामाने वाट लागली तोच पुन्हा करू?’ शेवटी धाकट्या बहिणीबद्दल लिहिलंत. तिचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं. पण हात सुजलेला, जांभळट, नुसता कपडा लागला तरी आग होणारा. आणि तसा हात एका ठिकाणी जोर लावून वाकवला गेला.

ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. शास्त्र म्हणून त्याचा बचाव करता येईल, पण नऊ वर्षं ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकत आलेल्या माणसाला त्यातून एकच अर्थ लागणार, आणि तो तुम्हाला लागला. दोष माझ्या लिहिण्याचा आहे.

मला म्हणायचं होतं ते असं. उन्हाने खांदे भाजले की संध्याकाळी अंगावर घेतलेलं कोमट पाणीही चटका देतं. पाणी कोमटच असतं, चटकाही खराच असतो. नसा आणि मज्जारज्जूतली पुढची जोडणी इतकी हळवी झालेली असते की साधा निरोपही मोठ्या आवाजात पोचतो. वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर नुसती जखमेची जागाच हळवी होत नाही, मज्जारज्जूच्या पातळीवरही प्रतिसाद वाढतो. भाजलेली त्वचा काही दिवसांत निवते. काही लोकांच्या बाबतीत मात्र मूळ इजा भरून आली तरी ही मज्जासंस्था निवत नाही. का, याला एक कारण नसतं. इजा, अपुरी झोप, सततची काळजी, हालचाल थांबणं, जुने आघात, कधी शरीराचा स्वभावच, असं बरंच काही एकत्र येतं. यातलं काहीही नाटक नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांत स्पष्ट लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला जावा. जागतिक आरोग्य संघटनेचं जे रोगवर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचं स्थान आहे. इतर कुठल्या रोगाची सावली म्हणूनच तिच्याकडे पाहायला हवं असं आता नाही.

तुमच्या कंबरेत नेमकं हेच चाललं आहे असं मात्र मी तुम्हाला न तपासता म्हणणार नाही.

आता एमआरआय. तुम्हाला वाटलं की मी तुमचा रिपोर्ट झटकून टाकते आहे. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. पन्नाशीच्या लोकांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. लक्षात घ्या, यांना दुखत नव्हतं. त्याच संशोधकांनी दुसऱ्या आढाव्यात हेही दाखवलं, की पन्नाशीपर्यंतच्या वयात हे बदल दुखणाऱ्यांमध्ये जास्त आढळतात. म्हणजे रिपोर्ट निरर्थक नाही. पण ‘गादी झिजली आहे, म्हणून नऊ वर्षं दुखतंय, म्हणून जन्मभर दुखणार’ ही साखळी त्या फोटोत कुठेच नसते, ती आपण जोडतो. बऱ्याचदा रिपोर्ट वाचून दाखवणाराच ती जोडून देतो. ‘मणका पार खराब झालाय’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की माणूस वाकायचं सोडतो, आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजतो.

स्वतः फिजिओथेरपिस्ट म्हणून हे मी रोज पाहते. एका रुग्णबाईंना मी खाली पडलेलं पेन उचलायला सांगितलं. वाकायच्या आधीच त्यांनी श्वास कोंडला. दात आवळले, एक हात मांडीवर टेकवला, पाठ फळीसारखी ताठ केली आणि गुडघ्यांतून तिरक्या होत पेन कसंबसं उचललं. कळ आलीच. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, ‘वाकलात तर गादी बाहेर येईल.’ मग मी त्यांना खुर्चीत बसवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायला लावली, श्वास सोडत पोट सैल सोडायला सांगितलं. एवढंच. त्यांच्या परवानगीने बाजूने मोबाइलवर फोटो काढला आणि त्यांना दाखवला. पेन उचलताना लागते जवळजवळ तेवढीच कंबर खुर्चीत वाकली होती, आणि कळ आली नव्हती. त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. ‘ही मी आहे?’ असं विचारलं त्यांनी. तिथून उठताना हात न टेकता उठणं, मग पेन, मग बादली, असं करत आम्ही पुढे गेलो. मध्ये दोनदा दुखणं उचल खाऊन आलं. पण वाकणं म्हणजे मोडणं, हे समीकरण त्या दिवशी सैल झालं.

याच धर्तीच्या उपचाराची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. जुनाट कंबरदुखीचे ४९२ लोक होते. बारा आठवड्यांत सातपर्यंत भेटी, नंतर एक उजळणीची भेट. रुग्णाची गोष्ट नीट ऐकायची, ज्या हालचालीची भीती आहे तीच त्याच्यासोबत वेगळ्या तऱ्हेने करून पाहायची, मग ती रोजच्या कामांत न्यायची. नेहमीच्या उपचारांपेक्षा या लोकांची कामं करण्याची क्षमता स्पष्टपणे सुधारली आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही ती टिकून होती. तुम्हाला मिळालेल्या पाच व्यायामांच्या कागदात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून ‘व्यायाम करून पाहिला’ हे तुमचं वाक्य मला अर्धंच लागू वाटतं. कागद करून पाहिलात तुम्ही.

आणि तुमच्याच प्रतिक्रियेतली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ‘बरं वाटलं त्या दिवशी अर्धा तास चालले आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळले.’ व्यायामाने वाट कशी लागली, याचं उत्तर इथे आहे. चांगल्या दिवशी सगळी साठलेली कामं उरकायची, मग कोसळायचं, मग घाबरून काहीच करायचं नाही, मग थोडं बरं वाटलं की पुन्हा तेच. या चक्रात हळव्या झालेल्या मज्जासंस्थेला दर खेपेला एकच धडा मिळतो, की चालणं धोक्याचं आहे.

म्हणून चालण्याची मात्रा चांगल्या दिवसावरून ठरवायची नसते. पाच दिवस नुसतं टिपून ठेवा, किती मिनिटं चालल्यावर दुखणं चढायला लागतं. समजा १२, ७, ९, ५ आणि १० मिनिटं आली. सरासरी साडेआठच्या आसपास. त्यातला पाचवा हिस्सा वजा करा, उरतात सात मिनिटं. ही तुमची सुरुवात. चांगल्या दिवशीही सात, वाईट दिवशीही सातच. फार वाईट दिवस असेल तर दोन तुकडे करून. चांगल्या दिवशी सातवर थांबणं हाच यातला खरा अवघड भाग आहे, आणि इथे बहुतेक लोक घसरतात. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. चालताना दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं, तर मात्रा जास्त झाली. कमी करा, बंद करू नका. ‘दुखेपर्यंत करा’ आणि ‘दुखलं की थांबा’ या दोन्ही सल्ल्यांत कारभार वेदनेच्याच हातात राहतो. ठरलेली मात्रा तो तिच्या हातातून काढून घेते.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं शरीर कोलमडत असेल, नुसती कंबर नव्हे, तर ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेणं घातक ठरू शकतं. थकव्याच्या एमई/सीएफएस या आजारासाठी ब्रिटनच्या नाइस या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये असा पायरीपायरीचा व्यायाम देऊ नये असंच सांगितलं. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असू शकेल.

मशीनबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. नाइसनेच एप्रिल २०२१ मध्ये, ज्या जुनाट वेदनेमागे दुसरा आजार पुरेसं कारण म्हणून सापडत नाही तिच्यासाठी, टेन्स आणि आयएफटी (दोन्ही त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारी मशीन) आणि अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं मशीन) देऊ नका असं स्पष्ट म्हटलं. शेकाने तासभर बरं वाटत असेल तर घरी जरूर घ्या. पण वीस-वीस बैठका मशीनखाली झोपवून ठेवणं याला मी उपचार म्हणत नाही. माझ्याच व्यवसायातले लोक हे करतात याचं मला वाईट वाटतं.

व्यायामाकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही सरळ सांगते. जुनाट कंबरदुखीवरच्या २४९ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेकडून २०२१ मध्ये आला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत वेदना शून्य ते शंभरच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी झाली. म्हणजे वेदना शून्यावर आली नाही. पण सत्तरची पंचावन्न झाली की कुणाला रात्रीची सलग झोप मिळते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं जरा ऐकतं. म्हणून मी पहिल्या भेटीत ‘किती दुखतं’ याच्या आधी ‘काय सुटलं’ हे विचारते. तुमचं काय सुटलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिन्ही ठिकाणी कुणी विचारलंही नसावं.

आता बहीण. तुम्ही केलेलं वर्णन कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमशी, म्हणजे सीआरपीएसशी, बरंच जुळतं. इजेनंतर हातात किंवा पायात मागे राहणारं हे तीव्र दुखणं. त्याची रक्ततपासणी नसते. रंग, तापमान, सूज, घाम, स्पर्शाची आग आणि हालचाल एकत्र पाहून डॉक्टर निदान करतात. तिला हे तपासणं माहीत असलेल्या डॉक्टरांकडे लवकर न्या, यात दिवस घालवू नका. अशा हाताला जोर लावून वाकवणं चूकच होतं. पण तो झोळीत बांधून ठेवणंही तितकंच चूक, आणि घाबरलेली माणसं नेमकं तेच करतात. सुरुवात हाताला हातही न लावता करता येते. हातांचे फोटो पाहून हा डावा की उजवा हे ओळखायचं. मग हात न हलवता हालचाल मनात करून पाहायची. मग आजारी हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हळूहळू हलवायचे. वेदनेचे संशोधक लोरिमर मोझली यांनी २००४ मध्ये हा क्रम मनगट मोडल्यानंतर सीआरपीएस झालेल्या १३ जणांवर वापरला आणि चांगला गुण आला. नंतर प्रत्यक्ष दवाखान्यांत सगळीकडे तसा गुण आला नाही, त्यामुळे मी याला रामबाण म्हणणार नाही. सोबत कपड्याचा मऊ तुकडा, मग जरा खरबरीत, असं तिने स्वतःच्या हाताने, स्वतःला झेपेल तेवढा वेळ फिरवायचं. स्वतःच्या हाताने, यावर मी अडून बसते. कधी थांबायचं हे तिच्या ताब्यात असलं की हात आखडून घेतला जात नाही.

तुमच्यासाठी एक ताकीद राहिली. मांडीच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काही झालं तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणं, हेही डॉक्टरांना आधी सांगा.

तसं काही नसेल तर उद्यापासून पाच दिवस फक्त चालण्याची मिनिटं टिपा, त्यापलीकडे व्यायाम कुठलाच करू नका. ते पाच आकडे आणि नऊ वर्षांत तुमचं काय सुटलं, एवढं मला इथे लिहा.