आळं म्हणजे काय?

आज सकाळी एका पंचविशीतल्या सुपरवायझरने मला विचारलं, "मॅडम, आळं म्हणजे काय?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. बँकेत डबा खाताना दोघींना ऐकवून झालं, येताना ट्रेनमध्ये मनातल्या मनात त्या मुलाशी पुन्हा भांडून झालं, आता कुकर लावून हे लिहायला बसलेय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक करून पुढे जा, राग नाही.

कुठली बाग ते लिहीत नाही. मुंबईतली आहे, उपनगरातली आहे, ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींत कळेलच. तीन महिने पत्रे ठोकून बंद होती. बाहेर फलक, 'सुशोभीकरणाचे काम प्रगतिपथावर'. हा शब्द वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. अरे, बागेचं सुशोभीकरण काय करता? साखरेत साखर घालता का? पण नाही. कमान हवी, कमानीवर नावं हवीत, कारंजं हवं (दोन महिने चालणारं), आणि जिथे म्हणून माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक हवेत.

आज पत्रे निघाले. मी आत गेले ती थेट बकुळीकडे. माझी बकुळ आहे ती. म्हणजे सातबारा माझ्या नावावर नाही, पण आहे माझी. तिच्या बुंध्याला टेकून, अगदी सालीला घासून, ब्लॉक बसवलेत. वाटीएवढी माती ठेवलेली नाही. आणि बुंध्याला खालपासून वरपर्यंत निळ्या एलईडीची माळ, खिळे मारून. बकुळीला! लग्नाच्या हॉलबाहेरच्या खांबासारखी उभी केलीय तिला.

मी त्या मुलाला म्हटलं, "अहो, निदान आळं तरी ठेवायचं." त्यावर त्याने तो प्रश्न विचारला. उद्धटपणे नाही हां. खरंच माहीत नव्हतं त्याला. मराठी मुलगा, बागेचं काम करून घेणारा, आणि आळं माहीत नाही.

आता ही बकुळ माझी कशी, ते सांगते. (ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी गप्प बसा.)

१९८४ ची मे महिन्याची सुट्टी. मी नऊ वर्षांची. लगोरी खेळताना आमचा चेंडू एका रोपाच्या कुंपणात गेला आणि तो काढताना मी त्या रोपाची एक फांदी मोडली. माळीमामांनी पाहिलं. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, गाव कोकणातलं. त्यांनी कान धरला नाही, आईकडे नेलं नाही. शिक्षा दिली. सुट्टी संपेपर्यंत रोज संध्याकाळी त्या रोपाला दोन डबे पाणी. डालडाचा डबा, पत्र्याचा, कडेला भोक पाडून तारेची कडी लावलेली. पहिल्या दिवशी मी रागारागाने सगळं पाणी रोपाच्या बुडख्यावर ओतलं. मामा म्हणाले, "बुंध्यार नको गो ओतू, बुंधा पाणी पितो काय? कडेक घाल." मग खुरपं हातात देऊन माझ्याकडून आळं करून घेतलं. गोल, कडेला मातीचा बांध, आत पालापाचोळा. ते बकुळीला ओवळ म्हणायचे. आणि म्हणाले, ओवळ सावकाश वाढते, पण ती वाढली की आळं पण वाढवायचं. दरवर्षी वीतभर.

दरवर्षी वीतभर. हे वाक्य मी चाळीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय आणि या अख्ख्या शहराने त्याच्या बरोब्बर उलट करायचं ठरवलंय. झाड वाढतंय तसतसं आळं आवळत आणायचं.

आता कुणीतरी येऊन लिहील की ताई, भावनिक होऊ नका, शहराचा विकास. मी भावनिक आहेच. पण मुळं भावनिक नसतात. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्या बाहेरसुद्धा. त्यांना पाणी लागतं आणि हवाही लागते. वरून झाकण घातलं की दोन्ही बंद. बाजूने केबलसाठी चर खणला की मुळं कापली जातात, दिसत कुणालाच नाहीत. मग एखाद्या जुलैत झाड रिक्षावर पडतं आणि आपण म्हणतो, म्हातारं झालं होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा शहरभर शेकड्यांनी झाडं आडवी झाली. तेव्हा पडलेल्या झाडांचे फोटो आठवतात? आमच्या रस्त्यावरच्या एका गुलमोहराचा बुंधा मी स्वतः पाहिला होता. खाली मुळांचा पसारा असायला हवा तिथे फुटपाथच्या मापाचा चौकोनी ठोकळा. कुंडीतून उपटल्यासारखा.

आणि नियम नाहीत का? ढीगभर आहेत! झाडांचा कायदा १९७५ चा आहे, महाराष्ट्राचा, शहरांसाठी खास. त्यात झाड 'तोडणे' म्हणजे नुसती कुऱ्हाड नाही, झाडाला इजा करणंही त्यात धरलंय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी सांगितलं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, काँक्रीट काढा. आपल्याच महापालिकेने २०२२ च्या एप्रिलमध्ये संजीवनी अभियान काढलं होतं, झाडांवरचे खिळे उपटायचे, बुडख्याचं सिमेंट फोडायचं. चांगलं होतं की! मी फोटो शेअर केले होते, तुम्ही बदाम पाठवले होते. म्हणजे एका वर्षी फोडायचं आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा ओतायचं. झाड कापायचं असेल तर निदान बुंध्याला नोटीस लागते, हरकती मागवतात, आपण रांगेत उभं राहून अर्ज देतो. गुदमरवायचं असेल तर नोटीस लागत नाही. ते सुशोभीकरण.

आणखी एक गंमत ऐका. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड आता 'वारसा वृक्ष'. आणि झाड कापलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची. साठ वर्षांचं कापलं, साठ लावा. वाचायला किती छान वाटतं! पण त्या साठांना पाणी कोण घालणार? माळीमामा नव्वदच्या दशकात कधीतरी रिटायर झाले. त्यांच्या जागी त्यांच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ठेकेदाराची माणसं येतात, जॅकेट घालून, पानं फुंकणारं मशीन घेऊन. बिचारी राबतात, त्यांच्याबद्दल तक्रारच नाही. पण वर्षभरात ठेका बदलतो, माणसं बदलतात. कुठलं झाड मागच्या पावसात कलायला लागलं, कुठल्या झाडाला पोखर आहे, हे कुणाच्या डोक्यात राहणार? कमान बांधायला पैसे मिळतात कारण कमानीचं उद्घाटन होतं. खुरप्याचं उद्घाटन होत नाही.

पैसे नाहीत असं म्हणू नका हां. २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे. त्यात प्रत्येक बागेला एक कायमचा माळी बसत नाही? एक?

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, थांबा.

आले. तर. दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर माझा भाऊ खाली येऊन लिहीलच. आईचा पाय त्या बागेत पावसाळ्यात दोनदा घसरला होता. आता पक्का ट्रॅक आहे, ती काठी घेऊन एकटी दोन फेऱ्या मारू शकेल. मान्य. शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा, लाल मातीची धूळ घरात येऊन काय हाल करते. तेही मान्य. आणि सगळी झाडं देवासारखी जपावीत असंही नाही. चेंबूरला २०१७ मध्ये नारळाचं झाड अंगावर पडून एक बाई गेल्या, ते झाड काढा असं लोकांनी आधीच सांगितलं होतं. धोक्याचं झाड काढलंच पाहिजे. पण आईच्या दोन फेऱ्यांसाठी चार फुटी ट्रॅक लागतो, अख्खी बाग फरसबंदी करावी लागत नाही.

आणि आपण? आपण तरी काय दिवे लावले? दर मार्चमध्ये विक्रोळीला हायवेवरची गुलाबी बसंत राणी फुलली की सगळ्यांच्या भिंती गुलाबी. मीही टाकते फोटो. पण तिच्याच पुढच्या सिग्नलला कुठलं झाड वाळतंय ते सांगा बरं. दहा-बारा वर्षांपूर्वी शहरातली मोठमोठी रेन ट्री पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने एकामागून एक वाळत गेली, शंभर-शंभर माणसांना सावली देणारी, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी मान वर करून पाहिलं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये "पाला फार पडतो, छाटून टाका" म्हणणारे कोण असतात? आपलेच काका. माझेच काका, खरं तर.

म्हणजे त्या मुलाला आळं माहीत नाही यात त्याची चूक किती, हा विचार आता लिहिताना येतोय. सकाळी नव्हता आला. सकाळी मी त्याला बरंच बोलले. त्याच्या बिल्डिंगखाली माती असेल का? त्याच्या शाळेला मैदान तरी असेल का? मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर, हा आकडा आपण कधीपासून ऐकतोय. आता नव्या आराखड्यात २०३४ पर्यंत चार करणार म्हणतात. होवो. पण सव्वा चौरस मीटर म्हणजे किती, मी आज ट्रेनमध्ये मोबाइलवर हिशेब करून पाहिला. चार फूट व्यासाचं आळं काढलंत तर साधारण तेवढं भरतं. बकुळीचं आळं माझ्या आठवणीत तेवढंच होतं, मामा रिटायर झाले त्या वर्षी. म्हणजे या शहरात प्रत्येकाच्या वाट्याला एक आळं. आणि त्यावरही ब्लॉक.

राणीबाग घ्या. १८६२ पासूनची बाग. तिथली गोरखचिंच पाहिलीय? चार माणसांनी हात धरून कवळ घालावी अशी. पेंग्विन आले तेव्हा मी नाकं मुरडली होती, नंतर भाचीला घेऊन रांगेत उभीही राहिले, पोरं खूश होतात, नाही कशाला म्हणू. पण पेंग्विनच्या काचेसमोरून बाहेर आल्यावर त्या झाडांखाली उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो. ती झाडं कुणी जपली? दीडशे वर्षं रोज सकाळी कुणीतरी खुरपं घेऊन वाकलं म्हणून आहेत ती. त्यांची नावं कुठल्याच कमानीवर नाहीत.

माझी बकुळ राणीबागेतली नाही, तिला कोण विचारतंय. चाळिशी ओलांडलीय तिने. पन्नास पूर्ण केली की कायद्याने वारसा वृक्ष होईल. तोवर जगली तर. मला आज एवढंच दिसत होतं, डबा घेऊन उभी असलेली मी आणि "कडेक घाल" म्हणणारे मामा. आणि आता कड कुठे आहे? कडेला सिमेंट, त्याच्या कडेला ट्रॅक, त्याच्या कडेला गटार.

निघताना मी बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. वेडेपणा, माहीत आहे. पाणी ब्लॉकवर क्षणभर थांबलं आणि उतार धरून सरळ जाळीत गेलं. एक थेंब आत नाही. आजूबाजूला बकुळीची फुलं पडली होती आणि एक मावशी ती केरसुणीने लोटत होत्या. मातीवर पडलेली फुलं आम्ही फ्रॉकमध्ये वेचायचो.

ब्लॉक बसवणारा एक मजूर हे सगळं बघत होता. सुपरवायझर फोनवर बाहेर गेला तसा जवळ आला. "दीदी, हमारे गाँव में इसको थाला बोलते हैं. आम के नीचे बनाते हैं." मी म्हटलं, मग इथे का नाही ठेवलंत? तो हसला नुसता. मग ब्लॉकवर पायाने टकटक करून म्हणाला की बुंध्याजवळच्या दोन रांगा त्याने सिमेंटमध्ये नाही बसवल्या, नुसत्या रेतीवर ठेवल्यात. "सब्बल लगाओगे तो निकल जाएगा." सब्बल म्हणजे आपली पहार.

मी उद्या रीतसर अर्ज देणार आहे, फोटोंसकट, पोच घेऊन. कोण कोण सही करणार ते खाली लिहा, नुसते बदाम नकोत. खिळे काढा आणि एक मीटर मोकळं करा, एवढंच मागणार आहे.

आणि अर्जावर उत्तर यायला किती दिवस लागतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून विचारून ठेवते. कुणाकडे पहार आहे का? लहान असली तरी चालेल. डालडाचा डबा मिळत नाही आता, बादली माझी मी आणते.