‘शिक्षकांनाच तंत्रज्ञान नको आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘सरकारने टीव्ही दिले, टॅब दिले, पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना तंत्रज्ञान नकोच आहे, या वयात त्यांना ते जमणारही नाही, त्यापेक्षा त्यांच्या पगाराच्या पैशात प्रत्येक मुलाला टॅब द्या, मुले आपली आपण शिकतील, नाहीतरी गुरुजी वर्गात मोबाईलमध्येच डोके घालून बसतात,’ अशा आशयाचा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला. माझी थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि त्या ग्रुपवर आहे, हे ठाऊक असूनही तो पाठवला गेला, म्हणून हे उत्तर.

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने आधी करून पाहिला आणि नंतर तो राज्याच्या पुस्तकांत आला. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तो उगाच नव्हे. एका शिक्षकावरून सगळ्यांची परीक्षा होत नाही हे मान्य. पण कित्येक गावांत शाळेतला टीव्ही शिक्षकांनी लोकवर्गणी गोळा करून आणलेला आहे, आणि तो बंद असेल तर वीजबिल कोणी थकवले हेही विचारायला हवे. वयाबद्दल एवढेच सांगतो की, 2020 च्या टाळेबंदीत निवृत्तीला आलेल्या शिक्षकांनीही फोनवरून पाठ घेतले.

खरा संताप येतो तो ‘टॅब द्या, शिक्षक नको’ या मुद्द्याचा, कारण त्याची किंमत ज्या मुलांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, त्यांना मोजावी लागेल. हा प्रयोग पेरू देशात होऊन गेला आहे. तेथे दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, मात्र अध्यापनात त्यांना स्थान दिले गेले नाही आणि मुलांचे शिकणे सुधारले नाही, असे युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात स्पष्ट नोंदवले आहे. असे का होते, ते चौथीच्या वर्गात दिसते. 408 ला 4 ने भागताना मूल 12 लिहिते, कारण दशकस्थानचे शून्य भागाकारात मांडायचे असते हे त्याच्या ध्यानात येत नाही. व्हिडिओ 102 हे उत्तर दाखवून पुढे सरकतो. बहीण तो तेथेच थांबवते, त्या मुलाला 12 ला 4 ने गुणायला लावते आणि 48 आल्यावर कुठे काय सुटले ते त्यालाच शोधू देते. शाळेत रेंज नसल्यामुळे हाच व्हिडिओ तिने आदल्या रात्री घरी उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घेतलेला असतो. तंत्रज्ञान नको असलेली व्यक्ती एवढी खटपट कशासाठी करील?

राहता राहिला मोबाईल. व्हिडिओ लावून स्वतः बाजूला बसणारे शिक्षक आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. तथापि हजेरी, पोषण आहार आणि यू-डायसची (शाळांची सर्व माहिती नोंदवणाऱ्या सरकारी प्रणालीची) माहिती शाळेच्या वेळेत ऑनलाइन भरण्याचे काम शिक्षकांवर शासनानेच टाकले आहे. अशैक्षणिक कामांतून मुक्त करा, अशी मागणी शिक्षक संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. शिक्षकांच्या हातातल्या मोबाईलची ज्यांना खरोखर चिंता वाटते, त्यांनी या मागणीला उघड पाठिंबा द्यावा.