अंबरनाथचं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणणाऱ्यांनो, आधी दारावरचा लेख वाचा

तो मेसेज एव्हाना तुमच्याकडंही आला असेल. अंबरनाथचं शिवमंदिर पाच हजार वर्षांपूर्वी पांडवांनी एका रात्रीत, एकाच अखंड दगडातून कोरलं, पहाट झाली म्हणून कळस अर्धवट राहिला, आतलं भुयार थेट पंचवटीला निघतं, बांधणी हेमाडपंती, आणि हा सगळा इतिहास इंग्रजांनी दाबून ठेवला. मावशीनं फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा मी सोडून दिलं. पण परवा भाचीच्या सातवीच्या प्रोजेक्टमध्ये तोच मजकूर शब्दन् शब्द उतरवलेला बघितला, शेजारी गदा घेतलेला भीम चिकटवलेला, आणि आता गप्प बसवत नाही.

पांडवांचंच आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतंय. हे मंदिर कुणी बांधलं हा वादाचा विषयच नाही ओ, उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूनं सहा ओळींचा संस्कृत शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मांवाणी, त्याच्या अधिकाऱ्यांची नावंसुद्धा आहेत, आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या नावच्या देवालयाचं हे काम आहे हेही त्यात येतं. म्हणजे छित्तराजाच्या काळात सुरू झालं आणि मांवाणीच्या काळात पुरं झालं असं अभ्यासक धरतात. वर्षानुवर्षं चाललेलं काम आहे हे. दगड फोडणारे, ओढून आणणारे, मूर्ती घडवणारे, त्यांना रोज जेवू घालणारे, किती माणसं राबली असतील, आणि आपण एका फॉरवर्डमध्ये ती सगळी पुसून टाकतो, वर राजालाही पुसतो. उद्या कुणी म्हणालं की सिद्धेश्वराचं तळं भीमानं एका रात्रीत खणलं, सिद्धरामेश्वरांचा काही संबंध नाही, तर सोलापुरात कुणी ऐकून घेईल का? मग कोकणातल्या राजाच्या बाबतीत आपल्याला कसं चालतं?

आणि आपण सोलापूरकरांनी तर शिलालेखाची किंमत जास्तच ओळखायला पाहिजे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी लेख आहे, आपल्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. अंबरनाथच्या लेखाच्या फक्त बेचाळीस वर्षं आधीचा. तो दगड आपण अभिमानानं पाहुण्यांना दाखवतो, मग हा का नाही वाचायचा.

गावोगावी जुनं देऊळ दिसलं की पांडवांचं म्हणायची पद्धत आहे, आमच्या आजीपण म्हणायच्या, त्यात भक्ती आहे आणि गोष्ट म्हणून ती पोरांना जरूर सांगा. पण इतिहासाच्या वहीत नको.

अखंड दगड म्हणाल तर ते वेरूळचं कैलास लेणं, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं. अंबरनाथला दगडाचे थर रचलेत, भिंतीजवळ उभं राहिलं की दोन दगडांमधली सांध दिसते, बोट फिरवलं की लागते. चुना न वापरता नुसते दगडावर दगड बसवलेत हे मेसेजमधलं एक वाक्य मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य. कळस नाही हेही खरंच, शिखराचा माथा आज नाही, गाभारा वीसेक पायऱ्या खाली आहे आणि वरून उघडा, पण त्यावरून पहाट झाली हे कुठनं आलं?

हेमाडपंती हा तर अजब प्रकार. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, मंदिर अकराव्या शतकातलं, दोनशे वर्षांचं अंतर. शिवाय देवगिरीच्या ज्या यादव राजा महादेवानं उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य संपवलं त्याच्याच दरबारात हेमाद्री होता, म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांच्या शत्रूच्या मंत्र्याला आपण श्रेय देतोय. या मंदिराची शैली भूमिज, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेली, माळव्यात परमार राजांच्या काळात बहरलेली. आणि पाच हजार वर्षांपूर्वीचे पांडव आणि तेराव्या शतकातला हेमाद्री एकाच मेसेजमध्ये, हे फॉरवर्ड करताना एकालाही खटकू नये?

भुयाराबद्दल काय बोलायचं. नाशिक शंभर किलोमीटरच्या पुढं, मध्ये सह्याद्री.

राहिले इंग्रज. १८६८ साली सरकारनंच इथली ड्रॉइंग आणि साचे करून घेतले, १८७४ मध्ये इंडियन अँटिक्वेरी या संशोधनाच्या नियतकालिकात मंदिरावर लेख छापून आला. शिलालेख तर आपल्याच माणसांनी वाचला, आधी डॉ. भाऊ दाजी लाड, मग भगवानलाल इंद्रजी. शाळेच्या पुस्तकात शिलाहारांना चार ओळी मिळत नाहीत ही तक्रार माझीपण आहे, पण ती आपल्या पुस्तकांबद्दल आहे, दडवादडवीबद्दल नाही. भाऊ दाजींनी साल शके ७८२ वाचलं होतं, भगवानलालांनी ते ९८२ असं दुरुस्त केलं, त्यामुळं नेटवर काही ठिकाणी अजून ८६० सालचं मंदिर असं सापडतं, प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांनी ते उचलू नका, १०६० लिहा.