‘मुकी जनावरं उलट बोलत नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आजीवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी आजीला देव्हाऱ्यात नेऊन बसवलंय. मांजरांना दूध पाजणं, पाखरांची पिल्लं उचलणं या अडाणीपणाचं कौतुक केलंय. मुक्या जनावरांवर माया करणं सोपं, ती उलट बोलत नाहीत. माणसांवर करून दाखवायची. आणि तिच्यामागे त्या जनावरांचं काय झालं, याचा लेखात पत्ताच नाही.

दुधाचं तुमचं बरोबर आहे. पिल्लू आईचं दूध सोडतं तशी दुधातली साखर पचवायची त्याची ताकद कमी होत जाते आणि पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधाने ढाळ लागते. आजीने वर्षानुवर्षं बशी भरली, हे खरं. पण जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून बशीत पाणी आलं. पुढे आठवडाभर मांजरं एकदा बशीकडे आणि एकदा आजीकडे बघत बसायची. हे मी लेखातून गाळलं, कारण बशीभर दूध वाचायला गोड लागतं. ती लबाडी माझी.

पाखरांचं मात्र तुम्ही घाईत वाचलंत. पिल्लू घरी आणल्याचं मी कुठेही लिहिलेलं नाही. पिसं फुटलेलं पण नीट उडता न येणारं पिल्लू जमिनीवर दिसलं म्हणजे ते पोरकं झालं, असं नसतं. आईबाप आसपास असतात, खाली येऊन भरवतात. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लू टाकतात, ही नुसती समजूत. आजी पिल्लू उचलून जवळच्या फांदीवर ठेवायची आणि आम्हा पोरांना लांब पिटाळायची. एकदा मी कापूस भिजवून त्याच्या चोचीत पाणी पिळायला गेले, तर सणसणीत चापट बसली. पाखरांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, वरून पिळलेलं पाणी सरळ आत जाऊ शकतं, हे मला फार पुढे कळलं. तिने ते कुठे वाचलेलं नव्हतं. तिच्या हातात एक पिल्लू तसंच गेलं होतं.

आता ‘उलट बोलत नाहीत’. बोलतात हो, चांगली बोलतात! कुत्रीच्या पायात रुतलेली तार काढताना तिने आजीचं मनगट फोडलं होतं. आजी नळाखाली हात धरून साबण लावत राहिली, आम्ही बघून कंटाळलो तरी थांबेना. निदान पंधरा मिनिटं धुवा, असं आज डॉक्टर सांगतात. मग इंजेक्शनं. तेव्हा ती पोटात घ्यावी लागायची, रोज एक अशी चौदा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, तेव्हा चालढकल करून भागण्यासारखं नव्हतं. पोट धरून यायची आणि आधी कुत्रीला खायला घालायची. कुत्री दहा दिवस धडधाकट राहते का, यावरही नजर ठेवायची होती म्हणा, पण अकराव्या दिवशीही आजी तिला खायला घालायला गेलीच.

माणसांवरच्या मायेचं म्हणाल तर आईला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, “खरं लिहिलंय.” तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्री आजीपाशी मांजरीची चार पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. मांजरी गाडीखाली गेलेली. इतक्या लहान पिल्लांना शी-शू आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणून आजी कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून, पिळून, एकेकाला तळहातावर घेऊन शेपटीखाली हलकेच पुसत होती. चौथं झालं की थोड्या वेळाने पुन्हा पहिलं. आईने दारातूनच विचारलं, “मला पाचला उठवशील ना?” आजीने मान न वळवता ‘हो’ म्हटलं. उठवलंही. पण पेपर कसा गेला, हे तिने विचारलं दुसऱ्या दिवशी.

आईला ते अजून लागतं. मला मिळाली ती फुरसतीतली आजी, आणि मी लेख लिहिला तो तिच्यावर.

राहिला शेवटचा प्रश्न. कुत्री आजीच्या आधीच गेली होती. दोन मांजरं उरली. एक मावशीकडे रुळलं. दुसरं, काळं-पांढरं, मी माझ्याकडे आणलं. जागा बदललेलं मांजर काही आठवडे घरातच ठेवावं लागतं, नाहीतर ते जुन्या घराच्या ओढीने निघून जाऊ शकतं. मला हे माहीत होतं. चौथ्या दिवशी उकडत होतं म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. नंतर पंधरा दिवस संध्याकाळी आजीच्या बंद घराच्या पायरीवर बसून त्याच्या खाण्याचा डबा वाजवत होते. ते आलं नाही.

दुधाच्या दुरुस्तीबरोबर हेही आज मूळ लेखात घातलं आहे.