तुमच्या रिव्ह्यूला उत्तर, पण त्याआधी एक विनंती: ती बिअर वहिनींना देऊ नका

नमस्कार,

आमच्या ग्लूटेन-फ्री (म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेल्या) बिअरच्या दुकानातलं टेस्टिंग आणि घरी बिअर बनवायचं किट यांबद्दलचा तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देते.

बाकीच्या तक्रारींकडे नंतर येते. आधी तुमच्या एका ओळीबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, "मित्राच्या मिलवर मिलेट दळलं, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, तरी ग्रॅव्हिटी १.०५०ऐवजी १.०२२च आली. पैसे पाण्यात." त्या मिलवर आजवर बार्ली (जव) दळली गेली असेल, तर ती बिअर वहिनींना कृपया चाखायलाही देऊ नका. मिलच्या रोलरच्या खाचांमध्ये, धान्य ओतायच्या हॉपरच्या कोपऱ्यांत बार्लीचं पीठ बसलेलं असतं. ब्रशने झाडून ते पूर्ण निघत नाही, आणि मिल पाण्याने धुता येत नाही. इथे अमेरिकेत 'ग्लूटेन-फ्री' म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. इतक्या कमी मोजमापात मूठभर पीठही खूप झालं. वहिनींना सीलिएक, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार, आहे हे तुम्हीच लिहिलंय. माझ्या नवऱ्यालाही आहे, त्यामुळे ही ओळ वाचल्यावर मला झोप लागली नाही.

ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्यात उतरलेल्या साखरेचं माप, कमी येण्याचं कारणही बहुधा तीच मिल. बार्लीसाठी रोलरमधलं अंतर साधारण एक मिलीमीटर ठेवतात. मिलेटचा दाणा त्यातून अख्खाच खाली पडतो. अख्ख्या दाण्यातला स्टार्च पाण्यात उतरत नाही, मग साखर कुठून होणार? मिलेटसाठी अंतर अर्ध्या मिलीमीटरच्या जरासंच वर लागतं.

आणि ही चूक तुमची नाही, आमची आहे. किटसोबतच्या कागदावर तापमान, वेळ, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कधी घालायचे, सगळं छापलंय. दळण्याबद्दल फक्त 'बारीक दळा' एवढंच. आमच्याकडे फक्त मिलेट, ज्वारी, तांदूळ आणि बकव्हीटसाठी (कुट्टूसाठी) राखलेली मिल आहे. धान्य विकताना "दळून देऊ का?" एवढं विचारायला हवं होतं. त्या दिवशी काउंटरवर मी नव्हते, पण दुकान माझंच आहे. किटचे पूर्ण पैसे परत करते. कागदही बदलला. आता पहिलीच ओळ दळण्याची आहे.

तुमच्या लिहिण्यावरून आणखी एक शंका आली. "६७ अंशांवर तासभर ठेवलं" असं तुम्ही म्हणता. बार्लीला ते बरोबर आहे. तिचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुगून मोकळा होतो आणि स्टार्चची साखर करणारे तिचे स्वतःचे एन्झाइम त्या तापमानाला जिवंत असतात. मिलेट आणि ज्वारीचा स्टार्च त्याहून वर, सत्तरीच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे मोकळा होतो. तोवर साखर करणाऱ्या एन्झाइमपैकी नाजूक एन्झाइम संपलेलं असतं. म्हणून किटमध्ये दोन छोट्या बाटल्या दिल्या होत्या. पहिल्या बाटलीतलं एन्झाइम उष्णता सोसतं. ते घालून ८० अंशांजवळ तासभर ठेवायचं, मग साठीच्या आसपास निववून दुसरी बाटली घालायची. त्यातली एक उरली असेल, तर टाकून देऊ नका, फ्रीजमध्ये ठेवा.

आता टेस्टिंगबद्दल, म्हणजे दुकानात चाखायला दिलेल्या चार ग्लासांबद्दल.

"चारही ग्लास पातळ, एकाला शिळ्या भाकरीचा वास." पहिल्या ग्लासाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. ती ज्वारीच्या सिरपची बिअर होती. त्या सिरपला एक आंबूस, धातूसारखी चव असते, आणि बार्लीतल्या प्रथिनांमुळे येणारा भरीवपणा व टिकणारा फेस तिच्यात येत नाही. २००६मध्ये अनहायझर-बुश या बड्या बिअर कंपनीने रेडब्रिज ही ज्वारीची बिअर आणली तेव्हापासून इथल्या बऱ्याच लोकांनी ग्लूटेन-फ्री बिअर म्हणून ज्वारीचीच चव पहिल्यांदा घेतली, आणि मत तिथेच ठरवून टाकलं. ती पहिली ठेवणं चुकलं. पण चौथ्या ग्लासाबद्दल मी अडून बसेन. त्या काळ्या बिअरमध्ये भाजलेले चेस्टनट आणि मसूर आहेत. २०११मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये हार्वेस्टर या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ग्राउंड ब्रेकर झालेल्या ब्रुअरीने हा मार्ग दाखवला. आम्ही ती फ्रीजमधून काढून थेट दिली, त्यामुळे थंडीत तिचा भाजका वास दबला. दहा-बारा अंशांवर तिच्यात कॉफी आणि खरपूस कवचाचा वास येतो. परत याल तेव्हा ती आधी काढून ठेवते.

"तुलनेसाठी माझी बार्लीची ग्लूटेन काढलेली बाटली उघडू दिली नाही. लंडनमध्ये हीच ग्लूटेन-फ्री म्हणून मिळते." लंडनबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे २० पीपीएमच्या (किलोमागे २० मिलिग्रॅमच्या) आत आली की बार्लीची बिअरही तसं लेबल लावू शकते. इथे नाही, आणि ते मला पटतं. अशा बिअरमध्ये एक एन्झाइम घालून ग्लूटेनचे तुकडे केलेले असतात. नेहमीची चाचणी अख्ख्या साखळीवरच्या दोन खुणा शोधते. साखळी तुटली की तुकडे चाचणीत दिसत नाहीत, पण शरीराला ते अजून त्रास देतात की नाही, हे त्यावरून ठरत नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीएने) २०२०च्या नियमात हेच धरलं: आंबवलेल्या पदार्थाचं ग्लूटेन आंबवण्याआधी, मूळ घटकांवरूनच ठरवायचं. काही लोक अशा बिअर आनंदाने पितात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आमच्या दुकानात बार्लीचा दाणा, थेंब, काहीच येत नाही. एकदा 'फक्त तुलनेसाठी' म्हणून दार उघडलं, की त्या ओट्यावर ठेवलेल्या ग्लासाची खात्री मी कोणालाच देऊ शकणार नाही.

चिवड्याचा डबा बाहेर ठेवायला लावला, याचंही तुम्हाला वाईट वाटलं. डबा नाकारण्यामागचं कारण फोडणीतलं हिंग आहे. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पण हे तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं. तोडून बोललं गेलं, त्याबद्दल माफी मागते. घरचं हिंगही पाकीट उलटून एकदा बघाच.

किमतीबद्दल: मिलेट माल्ट (मोड आणून वाळवलेलं मिलेट) बार्लीपेक्षा महाग आहे, ते मी बदलू शकत नाही. असा माल्ट बनवणारी माल्ट हाउस मोजकीच आहेत.

पुन्हा करून बघायचं असेल, तर धान्य आमच्याकडून घ्या, मी स्वतः आमच्या मिलवर दळून देईन, त्याचे पैसे नकोत. मिलेटचं टरफल गाळायला पुरेसं नसतं, म्हणून गाळताना अडकू नये यासाठी भाताचं तूसही सोबत देईन. बादली आणि नळी मात्र नवीन घ्या. प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांत जुना माल्ट राहतो. आधीच्या बार्लीच्या बॅचमधलं यीस्ट पुन्हा वापरू नका, किटमधलं कोरडं पाकीटच वापरा. आणि मित्राला सांगा, त्याच्या बार्लीच्या बिअरमध्ये काही बिघडलेलं नाही, फक्त त्या मिलवर वहिनींचं धान्य दळायचं नाही.

शनिवारी दुपारी चारनंतर मी दुकानात असते. वहिनींना सोबत आणा. काळी बाटली तीन वाजताच फ्रीजबाहेर काढून ठेवायला सांगते.