'सोल रीव्हर'चे ठोकळे, तुटका शेवट आणि तुमचे आक्षेप

नमस्कार,

'लेगसी ऑफ केन: सोल रीव्हर' हा 1999 चा व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळण्याविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझं कौतुक जुन्या आठवणींपोटी आहे, निम्मा वेळ दगडी ठोकळे ढकलण्यात जातो, मारामारीत दम नाही, रिकाम्या बोळांतून उगाच चालावं लागतं आणि शेवट अर्धवट सोडलाय. मग नव्या माणसानं कथेचे प्रसंग यूट्यूबवर बघावेत आणि मोकळं व्हावं. उत्तर लांबलंय, शिवाय त्यात कथानक उघड होतंय. ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

यूट्यूबपासूनच सुरुवात करतो, कारण तिथेच माझा सगळ्यात मोठा विरोध आहे. प्रसंग बघून तुम्हाला संवाद ऐकायला मिळतील, आणि ते ऐकण्यासारखे आहेतच. रॅझिएल या व्हॅम्पायर नायकाला मायकल बेल, त्याचा धनी केन याला सायमन टेम्पलमन आणि त्याला मरणातून परत आणणाऱ्या एल्डर गॉडला टोनी जे यांचा आवाज आहे. एमी हेनिग यांच्या दिग्दर्शनाखाली या मंडळींनी रंगभूमीवर शोभेल असं काम केलंय. पण रॅझिएलची शोकांतिका त्या संवादांत निम्मीच आहे. उरलेली निम्मी खेळणाऱ्याच्या हातून घडते.

राहाबचंच बघा. रॅझिएलला केनच्या आधी पंख फुटले, म्हणून केननं ते पंख मोडले आणि त्याला मृतांच्या सरोवरात फेकून दिलं. पाणी व्हॅम्पायरला आम्लासारखं जाळतं, म्हणजे पाणी हीच त्याची शिक्षा होती. आत्मे खाऊन जगणारा जीव होऊन तो परततो, पण पाण्याची भीती त्याच्या अंगातून जात नाही. खेळाचा मोठा भाग तुम्ही प्रत्येक डबकं चुकवत खेळता. तळाशी जायचंच असेल तर प्रेतलोकात, म्हणजे त्याच जगाच्या आत्म्यांच्या बाजूला, शिरता, कारण तिथे पाण्याला वजन नसतं आणि सरळ तळावरून चालता येतं. मग येतो बुडालेला मठ आणि त्यात राहाब, रॅझिएलचा भाऊ. त्याच्या कुळानं पाण्यावर मात केलीय, पण ऊन त्यांना अजून सोसत नाही. तुम्ही खिडक्या फोडता, ऊन आत येतं, तो मरतो, तुम्ही त्याचा आत्मा गिळता. आणि त्या क्षणापासून रॅझिएलला पोहता येतं. ज्या पाण्यात त्याला मारायला टाकलं होतं तेच त्याची वाट होतं, त्यासाठी भावाचा जीव गेलेला असतो, आणि पुढे दर वेळी पाण्यात उडी मारताना ते तुमच्या बोटांना ठाऊक असतं. पाणी चुकवण्यात ज्याचे तास गेलेले नाहीत, त्याला व्हिडिओत फक्त एक पोहणारा माणूस दिसेल.

मेल्काया आणि झेफॉन हेही त्याचे भाऊच. मेल्कायाला मारलं की जाळीदार फाटकांतून पार होता येतं, झेफॉनला मारलं की भिंती चढता येतात. इतर अनेक गेममध्येही नवी क्षमता मिळते, पण तिथे ती बक्षीस म्हणून येते. इथे ती वारसा म्हणून येते, आणि वारस स्वतःच खुनी असतो. मेल्काया सगळ्यांत धाकटा, केनच्या देणगीतला सगळ्यात कमी वाटा त्याच्या वाट्याला आला. त्याच्या कुळाचं मांस अंगावरच सडतं, म्हणून ते मेलेल्यांची कातडी पांघरतात. हे त्यांच्या स्मशानातून फिरताना भिंतीआडून, जमिनीतून अंगावर येत जातं आणि मग समोर तो भाऊ येतो. तोवर त्याची किळस आणि कीव दोन्ही एकदमच येऊ लागलेली असते.

मारामारीबद्दल तुम्ही म्हणता ते साध्या झटापटींपुरतं पटतं. गोल फिरायचं, चार तडाखे द्यायचे, शत्रू झोकांड्या खाऊ लागला की संपलं. पण व्हॅम्पायर तडाख्यांनी मरत नाही, ही अट तुम्ही विचारात घेतलेली नाही. त्याला भाल्यानं भोसकायचं, मशालीनं पेटवायचं, पाण्यात किंवा उन्हात लोटायचं, आणि तरीही आत्मा गिळला नाही तर तो पुन्हा उठू शकतो. त्यामुळे खोलीत पाऊल टाकताच आधी भिंतींकडे नजर जाते: अणकुचीदार खांब कुठे आहेत, आग कुठे आहे. मोठे शत्रू तर सगळे कोडीच आहेत. डुमा सिंहासनावर मेखा ठोकलेल्या अवस्थेत सापडतो. त्याला आपणच जिवंत करायचं आणि मागे लावून भट्टीपर्यंत आणायचं. नुसतं बटण बडवून यांतला एकही भाऊ मरत नाही.

आता ठोकळे. ते जास्त आहेत, आणि काही ठिकाणी कोडं डोक्यात सुटल्यावरही हातानं ढकलत बसावं लागतं, तिथे कंटाळा येतो. माझा सल्ला एवढाच: वाटेवरच्या ग्लिफ-शक्तींच्या, म्हणजे ऐच्छिक जादुई ताकदींच्या, मागे लागू नका. कथा त्यांच्यावाचून पूर्ण होते आणि ठोकळ्यांचा बराचसा त्रास तिथेच आहे. रिकाम्या बोळांबद्दल मात्र मी त्यांची बाजू घेईन. हा गेम 1999 साली ज्या मूळ प्लेस्टेशनवर आला त्याची मुख्य मेमरी होती 2 एमबी. गेम बनवणाऱ्या क्रिस्टल डायनॅमिक्सनं त्यावर लोडिंगचा पडदा न दाखवता नॉसगॉथ हे गेममधलं अख्खं जग उभं केलं. तुम्ही वळणावळणाच्या बोळातून चालता तेव्हा पुढचा भाग डिस्कवरून येत असतो. त्याहून मोठी करामत भौतिक जग आणि प्रेतलोक या दोन जगांची आहे. प्रेतलोकात शिरताच त्याच भिंती डोळ्यांदेखत वाकतात, खांब पिळवटतात, हाताला न लागणारा कठडा पुढे सरकतो. भौतिक जगात परतायला मात्र ठरावीक जागा लागते आणि जीवशक्ती पूर्ण भरलेली लागते. भौतिक जगात हरलात तर मरत नाही, प्रेतलोकात घसरता. रॅझिएलला मरण नाही, आणि खेळाचे नियमही त्याला मरू देत नाहीत. कथा आणि नियम इतके एकजीव झालेले मला फार थोड्या गेममध्ये दिसलेत.

शेवटाबाबत तुमची तक्रार रास्त आहे. सुरुवातीला दाखवलेला ट्युरेल हा भाऊ गेममध्ये भेटतच नाही. केनशी झुंज होते, तो काळाच्या दारातून निसटतो, रॅझिएल मागोमाग जातो, काळावर सत्ता असलेला मोबियस समोर येतो आणि पडदा पडतो. मुळात रॅझिएलच्या हातून केनचा अंत व्हायचा होता आणि झेफॉनचं ठाणं असलेल्या, मूक झालेल्या कॅथेड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) नादानं उरलेले व्हॅम्पायर मरायचे होते. वेळेअभावी ते कापलं गेलं. त्या वेळी पैसे मोजलेल्या माणसाचा संताप मी समजू शकतो. पण गेमचा खरा कळस त्याआधीच, साराफानांच्या थडग्यात होऊन गेलेला असतो. तिथे रॅझिएलला कळतं की तो आणि त्याचे भाऊ जिवंतपणी व्हॅम्पायरांची शिकार करणारे योद्धे होते आणि केननं त्यांच्याच प्रेतांतून आपले सरदार घडवले. त्यानंतर सूड ही गोष्टच डळमळते. केन मेला असता तर हिशेब चुकता झाला असता, पण हा प्रश्न तिथल्या तिथे विझला असता. तो निसटला म्हणूनच 2001 चा दुसरा भाग नियतीचा इतका खोल विचार करू शकला.

आठवणींचा मुद्दा राहिला. 10 डिसेंबर 2024 ला दोन्ही भागांचं रिमास्टर, म्हणजे नव्या चित्रांची सुधारित आवृत्ती, आलं. त्यात एका बटणावर जुनं चित्र आणि नवं चित्र अदलाबदल करता येतं. नव्या चित्रात चेहरे रेखीव झालेत, पण वाकणाऱ्या भिंती त्याच आहेत आणि पाणी तसंच जाळतं. मला जे आवडतं ते या अदलाबदलीत जागचं हलत नाही, मग त्याला नुसती आठवण कसं म्हणू? कॅमेरा सुधारलाय, नकाशा आणि होकायंत्रही दिलंय, त्यामुळे तुम्ही वाट चुकण्याबद्दल जे लिहिलंय तेही बरंच कमी होईल. कापलेल्या भागांचे अवशेषसुद्धा त्यात फिरून बघता येतात, ट्युरेलची चुटपुट लागलेल्यांनी ते जरूर बघावेत.

शेवटी तुम्ही विचारलंय, थेट दुसऱ्या भागापासून सुरू केलं तर चालेल का? नका करू. तो पहिल्याच्या शेवटच्या क्षणापासूनच सुरू होतो, आणि त्यात भाऊ मारून मिळवलेल्या क्षमता रॅझिएलकडे आधीपासून असतात. तुम्ही कॅथेड्रलमध्ये गेम सोडलात असं प्रतिक्रियेवरून दिसतंय. तिथून राहाबचा मठ फार लांब नाही. तेवढं खेळा आणि मग पुन्हा लिहा, मत तेच राहिलं तरी वाचायला मला आवडेल.